जाळे फाटले, तर भरपाई कोणाची?

खार पश्चिमेचा खारदांडा हा मुंबईच्या जुन्या कोळीवाड्यांपैकी एक. येथील होडीमालकाला विम्याची भाषा नवी नाही. समुद्रात काय घडले की भरपाई मिळते आणि काय घडले की मिळत नाही, याचे धडे सागरी व्यवसायाने फार पूर्वी घेतले आहेत. सागरी विम्याचा १९६३ चा कायदा सांगतो की, वाऱ्या-लाटांचा नेहमीचा मारा हे 'समुद्रावरील संकट' नव्हे. झीज ही झीजच. मुदतीच्या विम्याबाबत हाच कायदा आणखी एक गोष्ट स्पष्ट करतो. होडी समुद्रात जाण्याच्या लायकीची नाही हे ठाऊक असूनही मालकाने ती लोटली, तर त्या दोषामुळे झालेल्या हानीची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नसते.

खारदांड्यापासून काही किलोमीटरवरच्या वांद्रे-कुर्ला संकुलात राष्ट्रीय शेअर बाजार, राष्ट्रीय देयक महामंडळ आणि अनेक बँकांची मुख्य कार्यालये आहेत. तेथील जाळी सुताची नाहीत, संगणकांची आहेत. मात्र प्रश्न तोच आहे. जाळे फाटले, तर नुकसान कोणी सोसायचे? ज्याच्या हलगर्जीपणामुळे फाटले त्याने, ज्याचा माल गेला त्याने, की हप्ता घेणाऱ्या विमा कंपनीने? याचे उत्तर तीन ठिकाणी विखुरलेले असते : कायद्यात, करारनाम्यात आणि विमापत्रात. तिन्ही कागद एकत्र ठेवून वाचण्याची सवय आपल्याकडे नाही. त्यामुळे घटना घडून गेल्यावर, तीन कागदांमधल्या फटीतून पैसा निसटला असल्याचे लक्षात येते.

पुण्यातील ते दोन दिवस

या प्रश्नाचे गांभीर्य महाराष्ट्राला कळले ते ऑगस्ट २०१८ मध्ये. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेत घुसखोरांनी घातक प्रणाली पेरली. पैसे काढण्याची विनंती बँकेच्या मूळ यंत्रणेपर्यंत पोहोचूच न देता तिला परस्पर मंजुरी देणारी बनावट व्यवस्था त्यांनी उभी केली. ११ ऑगस्टला २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये आणि देशांतर्गत एटीएममधून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ ऑगस्टला 'स्विफ्ट' या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीद्वारे आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका बँकेत वळवण्यात आले. एकूण रक्कम सुमारे ९४ कोटी ४२ लाख. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरवले. पण हे सारे पैसे काढून आणणारे हात होते.

खातेदारांच्या ठेवींना धक्का लागलेला नाही, असे बँकेने तेव्हा जाहीर केले. म्हणजे हा भार बँकेवर पडला. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ठेवविमा महामंडळाचे पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण बँक बुडाल्यास किंवा तिच्यावर निर्बंध आल्यास लागू होते. खात्यातून चोरी झाल्यास त्याचा काहीच उपयोग नाही. चोरीच्या भरपाईचा रस्ता वेगळा आहे.

कायद्याचा पाया

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्यात २००८ मध्ये दुरुस्ती होऊन कलम '४३-अ' आले आणि ते २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले. संवेदनशील वैयक्तिक माहिती हाताळणाऱ्या कंपनीने वाजवी सुरक्षा राखण्यात हयगय केली आणि त्यामुळे कोणाचे नुकसान झाले, तर तिने भरपाई द्यावी, असे हे कलम सांगते. यातील 'वाजवी सुरक्षा' म्हणजे नेमके काय, याची व्याख्या विशेष लक्ष देण्याजोगी आहे. कायदा प्रथम बोट दाखवतो ते उभयपक्षांतील कराराकडे किंवा लागू असलेल्या अन्य कायद्याकडे. ते नसेल, तरच सरकारने घालून दिलेले निकष लागू होतात. म्हणजे सुरक्षेची पातळी करारात लिहून घेण्याचा अधिकार कायद्यानेच दिला आहे. आपण तो क्वचितच वापरतो.

पाच कोटी रुपयांपर्यंतचे असे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, निर्णय अधिकारी या नात्याने, चालतात. महाराष्ट्रात २०१३ मध्ये असा एक निर्णय गाजला. पुण्यातील एका कंपनीच्या पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून ८० लाख १० हजार रुपये लांबवण्यात आले होते. कंपनीच्या प्रमुखाने फसव्या ईमेलला उत्तर दिले होते, हा त्याचा दोष. बनावट खाती उघडली जात असताना बँकेने पुरेशी पडताळणी केली नव्हती, हा बँकेचा दोष. निर्णय अधिकाऱ्यांनी बँकेला ४५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि उरलेला भार तक्रारदाराकडे ठेवला. नुकसान दोघांत वाटले जाऊ शकते, हा या निर्णयाचा धडा आहे.

वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदी अमलात येण्यास त्यात अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत आणि माहिती फुटल्याचे न कळवल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद या कायद्यात आहे. आकडे मोठे आहेत, पण हा दंड भारताच्या संचित निधीत जमा व्हावयाचा आहे. ज्याची माहिती फुटली त्याच्या हाती त्यातून काही येत नाही. शिवाय मुख्य तरतुदी लागू होतील त्याच टप्प्यात जुने कलम '४३-अ' वगळले जाणार आहे. म्हणजे भरपाईचा एक वैधानिक मार्ग बंद होतो आणि करारनाम्यातील शब्दांचे मोल तेवढ्याच प्रमाणात वाढते.

बँक आणि खातेदार

बँकेचा ग्राहक बँकेशी वाटाघाटी करून करार करत नाही. छापील अर्जावर सही करतो. म्हणून येथे रिझर्व्ह बँकेने हस्तक्षेप केला. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठी निघालेल्या परिपत्रकाने, ग्राहकाच्या दायित्वाची मर्यादा ठरवून दिली. दोष बँकेचा असेल, तर ग्राहकावर काहीच भार नाही. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, तर बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर भार नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास खात्याच्या प्रकारानुसार पाच ते पंचवीस हजार रुपयांपर्यंतच भार. त्यानंतर बँकेच्या संचालक मंडळाने ठरवलेल्या धोरणानुसार. ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर टाकण्यात आली. नियमांच्या मांडणीत पुढे बदल होत आले आहेत. म्हणून आपल्या बँकेचे चालू धोरण प्रत्येकाने एकदा तरी वाचावे.

हे नियम कागदावरच राहिले नाहीत. १ ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबईतील एका कंपनीच्या बँक ऑफ बडोदातील खात्यातून ७६ लाख ९० हजार रुपये गेले. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये २०१७ च्या परिपत्रकाचा आणि बँकेच्या स्वतःच्या धोरणाचा आधार घेऊन ती रक्कम परत करण्याचा आदेश दिला. ग्राहकाची हयगय दिसत नाही, असा सायबर पोलिसांचा अहवाल तेथे निर्णायक ठरला. जानेवारी २०२५ मध्ये स्टेट बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही ९४ हजार २०४ रुपये परत करण्याचा गुवाहाटी उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. रक्कम लहान, पण तत्त्व मोठे : अनधिकृत व्यवहार ओळखण्यासाठी उत्तम तंत्रज्ञान वापरणे हे बँकेचे कर्तव्य आहे.

करारातील कलमे

व्यापारी-व्यापाऱ्यांमधील करारात असा पाठीराखा नसतो. तेथे १८७२ चा करार कायदा आणि त्याखाली दोघांनी लिहिलेले शब्द, एवढेच असते. कलम ७३ नुसार करार मोडल्यास स्वाभाविकपणे उद्भवणाऱ्या नुकसानीची भरपाई मिळते. दूरची व अप्रत्यक्ष नुकसानी मिळत नाही. कलम ७४ नुसार करारात रक्कम ठरवली असली, तरी तिच्या मर्यादेत राहून वाजवी भरपाईच मिळते. कलम १२४ मध्ये क्षतिपूर्तीच्या वचनाची व्याख्या आहे, जिला व्यवहारात 'इन्डेम्निटी' म्हणतात.

संगणक सेवेच्या करारात चार कलमे सर्वांत महत्त्वाची असतात. पहिले, दायित्वाच्या कमाल मर्यादेचे. बहुतेक सेवा कंपन्या 'मागील बारा महिन्यांत दिलेल्या शुल्काइतके' असे लिहितात. दुसरे, अप्रत्यक्ष नुकसानी वगळणारे. बुडालेला नफा, गेलेली माहिती, गेलेली पत यांना या कलमाखाली सरसकट दरवाजा दाखवला जातो. आणि संगणक जाळे बंद पडल्यावर खरे नुकसान याच तीन गोष्टींचे होते. तिसरे, 'जसे आहे तसे' पुरवण्याचे, म्हणजे कोणतीही हमी नाही असे सांगणारे. चौथे, दैवी किंवा अटळ आपत्तीचे. त्या यादीत अलीकडे 'सायबर हल्ला' हा शब्दही घुसवला जातो. ज्या धोक्यापासून संरक्षण देण्यासाठी पैसे घेतले, तोच धोका आल्यावर सेवा कंपनी मोकळी, असा त्याचा अर्थ होतो.

सही केली की अशा मर्यादा सहसा टिकतात. कुरियर कंपनीच्या पावतीवर छापलेली १०० डॉलरची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये डीएचएलच्या प्रकरणात मान्य केली होती. पाकिटातील कागदपत्रे उशिरा पोहोचल्याने झालेले नुकसान त्याहून कितीतरी अधिक होते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'अनुचित करार' ही संकल्पना आली खरी. पण तिचा लाभ ग्राहकाला. व्यापारी हेतूने सेवा घेणाऱ्याने त्यावर विसंबू नये.

याचे अलीकडचे मोठे उदाहरण १९ जुलै २०२४ चे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्यतनामुळे जगभर सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. अमेरिकेच्या डेल्टा कंपनीने आपले नुकसान ५० कोटी डॉलरच्या घरातले असल्याचे सांगितले. त्यावर क्राउडस्ट्राइकच्या वकिलांचे उत्तर असे होते की, करारानुसार आमचे दायित्व एक कोटी डॉलरच्याही आतले आहे. वाद न्यायालयात गेला. पण दोन आकड्यांतील हे अंतर एका कलमाने निर्माण केले होते.

चोर शेजारच्या दारातून

आपले दार भक्कम असूनही चोर शेजाऱ्याच्या घरातून येऊ शकतो. २०१६ मध्ये देशातील सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आली. त्याचे मूळ एटीएम सेवा पुरवणाऱ्या हिताची पेमेंट सर्व्हिसेसच्या यंत्रणेत होते, हे फेब्रुवारी २०१७ मध्ये त्या कंपनीने मान्य केले. देयक महामंडळाच्या तेव्हाच्या माहितीनुसार १९ बँकांच्या ६४१ ग्राहकांचे १ कोटी ३० लाख रुपये गेले होते. दोष एका कंपनीच्या यंत्रणेत. ग्राहक मात्र १९ वेगवेगळ्या बँकांचे.

जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीखोर प्रणालीचा हल्ला झाला. तिच्या सेवेवर अवलंबून असलेल्या सुमारे ३०० लहान बँकांना देयक महामंडळाने तात्पुरते जाळ्यातून वेगळे केले. त्यात सहकारी आणि ग्रामीण बँका मोठ्या प्रमाणावर होत्या. त्या बँकांनी स्वतः काही चूक केली नव्हती. तरीही त्यांचे ग्राहक यूपीआयपासून वंचित राहिले.

काम बाहेर दिले म्हणून जबाबदारी बाहेर जात नाही, हे रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ च्या निर्देशांत स्पष्ट केले होते. म्हणून सेवा कंपनीशी करार करताना तिच्या उपकंत्राटदारांनाही तीच बंधने लागू करणे, तपासणीचा अधिकार राखणे आणि घटना किती तासांत कळवायची हे ठरवणे, ही तीन कलमे आवर्जून हवीत.

विमापत्र काय देते?

सायबर विम्याचे दोन भाग असतात. पहिला स्वतःच्या नुकसानीचा : तज्ज्ञांकडून तपास, माहितीची पुनर्बांधणी, व्यवसाय बंद राहिल्याने बुडालेला नफा, ग्राहकांना कळवण्याचा खर्च, खंडणीच्या प्रसंगी होणारा खर्च. दुसरा इतरांप्रती असलेल्या दायित्वाचा : ज्यांची माहिती फुटली त्यांचे दावे, वकिलांचा खर्च आणि कायद्याने विमा उतरवता येतो तेवढ्यापुरते दंड. व्यक्तींसाठीही अशी विमापत्रे निघाली आहेत. विमा नियामकाने नेमलेल्या कार्यगटाच्या अभ्यासानंतर सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांच्या रचनेविषयी मार्गदर्शक दस्तऐवज आला. खात्यातून पैशांची चोरी, ओळखीची चोरी, फसवे ईमेल, सायबर छळ अशा जोखमी त्यात मांडल्या आहेत.

ही विमापत्रे बहुधा 'दावा दाखल झाला तेव्हा' या तत्त्वावर चालतात. अपघात कधी झाला यापेक्षा दावा कधी आला, हे येथे महत्त्वाचे. घुसखोर महिनोन् महिने यंत्रणेत दडून राहू शकतो. म्हणून विमापत्रावरील 'पूर्वलक्षी तारीख' पाहावी. त्या तारखेपूर्वी झालेली घुसखोरी वगळली जाऊ शकते. विमा कंपनी बदलताना ही तारीख पुढे सरकली, तर जुन्या वर्षांचे संरक्षण नकळत गमावले जाते.

आणि काय देत नाही?

विम्याचे खरे स्वरूप अपवादांच्या पानावर कळते. पहिला प्रश्न शब्दांच्या व्याख्यांचा. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरफोडीच्या विम्याचे एक प्रकरण निकाली काढले. चोरी झाली होती, यात शंका नव्हती. पण विमापत्रातील घरफोडीच्या व्याख्येत बळाचा वापर अपेक्षित होता आणि तो झाला नव्हता. भरपाई मिळाली नाही. सायबर विम्यात याचेच नवे रूप दिसते. घुसखोराने यंत्रणा फोडून पैसे नेले, तर ते 'अनधिकृत प्रवेश' या शब्दांत बसते. मात्र मालकाच्या नावाने आलेल्या बनावट ईमेलवर विश्वास ठेवून लेखापालाने स्वतःच पैसे पाठवले, तर यंत्रणा कोणी फोडलेलीच नसते. त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते आणि त्याची उपमर्यादा बहुधा तुटपुंजी असते.

दुसरा अपवाद युद्धाचा. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' या घातक प्रणालीने जगभर हाहाकार उडवला. मर्स्क समूहाला फटका बसल्याने न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील त्यांच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. मर्क या औषध कंपनीने आपल्या मालमत्ता विम्याखाली सुमारे १४० कोटी डॉलरचा दावा केला. हल्ल्यामागे रशिया असल्याने हे युद्धकृत्य आहे, असे विमा कंपन्यांचे म्हणणे होते. न्यू जर्सीच्या न्यायालयाने ते नाकारले, अपिलातही मे २०२३ मध्ये तोच निर्णय राहिला आणि जानेवारी २०२४ मध्ये तडजोड झाली. पण तोवर बाजाराने धडा घेतला होता. ३१ मार्च २०२३ पासून लॉइड्सच्या बाजारातील स्वतंत्र सायबर विमापत्रांत सरकारपुरस्कृत हल्ल्यांविषयी स्पष्ट अपवाद आवश्यक करण्यात आला.

तिसरा अपवाद सार्वजनिक सुविधांचा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज तासन् तास गेली. त्यामागे सायबर घातपात असल्याचा संशय राज्य सरकारने पुढे व्यक्त केला, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चुकीकडे बोट दाखवले. कारण काहीही असले, तरी वीज आणि दूरसंचार यांच्या अपयशातून झालेले नुकसान बहुतेक सायबर विमापत्रे वगळतात.

चौथा अपवाद सर्वांत दुर्लक्षित आणि म्हणून सर्वांत घातक : कराराने अंगावर घेतलेल्या दायित्वाचा. मोठा ग्राहक मिळावा म्हणून लहान कंपनी 'अमर्याद क्षतिपूर्ती' लिहून देते आणि विमा आहेच, असे समजून निश्चिंत राहते. पण करार नसता, तरीही कायद्याने जे दायित्व आले असते, तेवढेच बहुतेक विमापत्रे उचलतात. त्यापलीकडचे वचन ज्याचे त्याने पाळायचे. उलट बाजूने, सेवा कंपनीविरुद्ध दावा करण्याचा हक्क करारात आधीच सोडून दिला असेल, तर भरपाई दिल्यानंतर तो हक्क वापरण्याची विमा कंपनीची वाट बंद होते आणि ती दाव्याला हरकत घेऊ शकते.

प्रस्तावपत्रातील एक खूण

विमा हा परम विश्वासाचा करार मानला जातो. प्रस्तावपत्रात 'दुहेरी पडताळणी वापरता का?' असा प्रश्न असतो आणि कारकून 'होय' वर खूण करून मोकळा होतो. अमेरिकेत २०२२ मध्ये ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीने नेमक्या अशाच खुणेवरून एका विमाधारकाला न्यायालयात खेचले. पडताळणी काही ठिकाणीच होती, सर्व्हरवर नव्हती. दोन महिन्यांच्या आत उभयपक्षांच्या संमतीने ते विमापत्र मुळापासूनच रद्दबातल झाले. आपल्याकडेही महत्त्वाची माहिती दडवल्यास दावा नाकारता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये वैद्यकीय विम्याच्या प्रकरणात सांगितले आहे. फुटकी होडी धडधाकट आहे असे सांगून विमा उतरवण्यासारखेच हे आहे. मात्र विमाधारकाच्या बाजूनेही एक आधार आहे. जो अपवाद ग्राहकाला कळवलाच नाही, त्यावर विमा कंपनीला विसंबता येत नाही, असे २००० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. म्हणून केवळ प्रमाणपत्र न घेता संपूर्ण विमापत्र मागून घ्यावे.

एक हिशेब

समजा, खारमधील एका लहान निर्यात पेढीचे संगणक खंडणीखोर प्रणालीने पाच दिवस बंद पडले. तपास आणि माहितीची पुनर्बांधणी ९ लाख. रोज ३ लाखांप्रमाणे बुडालेला नफा १५ लाख. ग्राहकांना द्यावी लागलेली भरपाई १२ लाख. त्याच गोंधळात बनावट ईमेलवरून भलत्या खात्यात गेलेले १४ लाख. एकूण ५० लाख. पेढीकडे ५० लाखांचा विमा आहे. वरवर पाहता सारे भरून निघेल.

आता अटी लावू. पहिल्या २४ तासांचे नुकसान विमा धरत नाही. म्हणून नफ्याचे १२ लाख. ग्राहकांना दिलेल्या १२ लाखांपैकी ७ लाख करारात कबूल केलेला दंड आहे, तो वगळला. उरले ५ लाख. बनावट ईमेलसाठी उपमर्यादा ५ लाख. तपासाचे ९ लाख धरून बेरीज ३१ लाख. त्यातून विमाधारकाने स्वतः सोसायचे ३ लाख वजा जाता हाती आले २८ लाख. उरलेल्या २२ लाखांसाठी सेवा कंपनीकडे जावे, तर तिचे दायित्व वर्षाच्या शुल्काइतके, म्हणजे ६ लाख. आणि त्यावरही विमा कंपनी आपला हक्क सांगू शकते. म्हणजे सर्व काही अनुकूल घडले, तरी १६ लाख पेढीच्या खिशातून जातात. विमापत्राच्या पहिल्या पानावर मात्र ५० लाखच छापलेले असतात.

घटना घडल्यावर

पैसे गेले असतील, तर १९३० या क्रमांकावर आणि बँकेला तत्काळ कळवावे. पहिल्या काही तासांतच रक्कम गोठवता येण्याची शक्यता अधिक असते. कंपन्यांनी ठरावीक प्रकारच्या घटना सहा तासांत 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेला कळवाव्यात, असे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश सांगतात. यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणेही त्यात बंधनकारक केले आहे. याच नोंदी पुढे दाव्याचा पुरावा ठरतात. विमा कंपनीला लेखी सूचना द्यावी आणि तिच्या संमतीशिवाय वकील नेमू नये, तज्ज्ञ बोलावू नये, कोणाचा दावा मान्य करू नये. अशा खर्चावरून पुढे वाद होतात. घाईघाईने संगणक पुसून नव्याने सुरू करणे ही नेहमी होणारी चूक. त्यात पुरावाच पुसला जातो.

दावा नाकारला गेल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांचे मुंबई कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला, खारच्या शेजारीच आहे. व्यक्तींबरोबरच एकल मालकीचे आणि सूक्ष्म उद्योगही तेथे दाद मागू शकतात आणि त्यासाठी शुल्क पडत नाही. बँकेविरुद्धच्या तक्रारीसाठी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे.

सही करण्यापूर्वी

सेवेचा करार आणि विमापत्र एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवून पुढील प्रश्न विचारावेत :

- माहिती फुटणे आणि गोपनीयतेचा भंग यांसाठी दायित्वाची मर्यादा वार्षिक शुल्काहून वेगळी व मोठी ठरवली आहे काय?
- माहितीची पुनर्बांधणी आणि ग्राहकांना कळवण्याचा खर्च हे 'प्रत्यक्ष नुकसान' मानले जाईल, असे लिहिले आहे काय?
- सुरक्षेची किमान पातळी करारात नमूद आहे काय? अटळ आपत्तीच्या यादीत सायबर हल्ला शिरला आहे काय?
- सेवा कंपनीकडे स्वतःचा विमा आहे काय, आणि त्याचा पुरावा दरवर्षी मागितला जातो काय?
- आपण ग्राहकांना दिलेले वचन आपल्या विम्यात बसते काय?
- बनावट ईमेल, सेवा कंपनीकडील बिघाड आणि हल्ल्याविना झालेला बिघाड यांना संरक्षण आहे काय, आणि किती रकमेचे?
- प्रस्तावपत्रातील प्रत्येक 'होय' आजही खरे आहे काय?

शेवटचा प्रश्न दरवर्षी, नूतनीकरणाच्या वेळी, नव्याने विचारावयाचा आहे. होडी समुद्रात लोटण्यापूर्वी कोळी तिच्या फळ्या तपासतो, सांधे बुजवतो, जाळ्याची भोके विणून घेतो. विमा असला, तरी हे काम तो टाळत नाही. कारण वादळात आधी होडी तारते आणि विम्याची आठवण किनाऱ्यावर परतल्यानंतर येते. संगणकाच्या जाळ्यावर संसार आणि धंदा उभारणाऱ्यांनीही हाच क्रम ठेवावा : आधी डागडुजी, मग करार, आणि त्यानंतर विमा.